कळसूबाईला जायचे तर आधी वही काढा

मागच्या वर्षी आम्ही कळसूबाईला गेलो आणि शिखर न पाहताच परत आलो. ही गोष्ट सांगण्यासारखी नाही, तरीही आधी तीच सांगतो. कारण यंदा जे जमले ते त्या फजितीमुळे जमले.

मागच्या वर्षी आम्ही वस्तीतले अकरा जण होतो. चार बाया, चार पुरुष आणि तीन मुले. रविवारी सकाळच्या लोकलने कसारा गाठले, तिथे जीपवाल्याशी भावावरून तासभर हुज्जत घातली, वाटेत दोनदा चहा घेतला. बारी गावातून प्रत्यक्ष पाऊल उचलले तेव्हा घड्याळात अकरा वाजले होते. अकरा जणांत मिळून पाण्याच्या सहा बाटल्या. एका भगिनीच्या पायात नवी कोरी चप्पल. दुसरी लोखंडी शिडी चढून वर आलो तेव्हा पाणी संपलेले होते आणि आठ वर्षांच्या एका मुलाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. आमच्यातल्या एक ताई तिथेच खडकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा वर, मी पोराला घेऊन बसते." कोणीच गेले नाही. तीन वाजता सगळे मागे फिरलो. खाली पोचायला सव्वासात झाले. शेवटचा दीड तास एका टॉर्चवर काढला. जीपवाल्याची बोली पाचपर्यंतची होती, तो निघून गेला होता. त्यात त्याची चूक नव्हती.

या ताई चार घरची धुणीभांडी करतात. वर्षातून त्यांना स्वतःसाठी मिळालेला तो एक दिवस होता. परतीच्या लोकलमध्ये त्या काही बोलल्या नाहीत. नोकरदार माणसाचा रविवार फुकट गेला तर पुढचा रविवार असतो. पण ज्यांच्या सुट्टीचे पैसे कापले जातात, त्यांचा दिवस आखणी नसल्यामुळे वाया घालवायचा आम्हाला काय अधिकार, हे त्या रात्री आमच्या मनाला लागले. म्हणून यंदा गणपतीच्या सुट्टीत आम्ही शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले : कळसूबाई, दुसरी खेप.

डोंगराची माहिती आधी घ्यावी. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर. समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. ते अकोले तालुक्यात आहे. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. पायथ्याचे बारी हे गाव घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रेल्वेने यायचे तर कसारा किंवा इगतपुरीला उतरावे. कसाऱ्याहून जीपने साधारण दोन तास धरावेत, इगतपुरीहून त्याहून कमी. बारी गाव मुळातच उंचावर वसलेले असल्यामुळे पायी चढायचे ते सुमारे ८५० मीटर. हा आकडा ऐकून काही कळत नाही. म्हणून आम्ही मुलांना हिशेब करायला लावला : तीन मीटरचा एक मजला धरला तर किती मजले होतात? मुलांनी पाटीवर मांडून सांगितले, दोनशे ऐंशीच्या वर. आमच्या इमारतीला सात मजले आणि लिफ्ट महिन्यातून दहा दिवस बंद. म्हणजे चाळीस इमारती एकावर एक! हे ऐकल्यावर ज्यांना केवळ फोटो काढायला यायचे होते त्यांतली दोन नावे आपोआप गळाली.

वेळ किती लागेल याचा एक जुना नियम आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडमधल्या गिर्यारोहकाने १८९२ साली तो सांगितला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि वर सहाशे मीटर चढाईमागे आणखी एक तास. बारीची वाट पाच-सहा किलोमीटरची. या हिशेबाने अडीच-पावणेतीन तास होतात. पण हा हिशेब धडधाकट, सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. आपल्या घोळक्यात आजी असते, नातू असतो, पाय मुरगळून गेलेला काका असतो. म्हणून आम्ही वहीत चढायला पाच तास आणि उतरायला साडेतीन तास लिहिले. वर एक तास. एकूण साडेनऊ. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आता मागून मोजत या : चारला खाली यायचे तर सकाळी साडेसहाच्या आत निघालेच पाहिजे. मागच्या वर्षी आम्ही अकराला निघालो होतो! इतका साधा हिशेब कोणी केला नव्हता.

सकाळी साडेसहाला बारीत हजर राहायचे तर दोन मार्ग. एक, शनिवारी रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडायची आणि पहाटे पायथ्याशी पोचायचे. तरुण पोरे असेच करतात. दुसरा, शनिवारी दुपारीच निघून रात्री गावात मुक्काम करायचा. मुले बरोबर असतील तर आमचे मत ठामपणे दुसऱ्या मार्गाचे आहे. रात्रभर जागलेले शरीर चढताना कुरकुरत नाही, उतरताना दगा देते. बारीत घरगुती जेवणाची आणि निजायची सोय होते, मात्र आधी फोन करून माणसे किती ते सांगावे लागते. आम्ही शनिवारी रात्री नऊला पोचलो तेव्हा पिठले, भाकरी, भात आणि लसणाची चटणी तयार होती. दोघांची शनिवारी दुसरी पाळी होती, ते शेवटच्या लोकलने येऊन पहाटे पाचला आम्हाला मिळाले. त्यातला एक वर गेल्यावर देवळाच्या सावलीत जो झोपला तो उतरायच्या वेळीच उठला. महाराष्ट्राच्या सर्वात उंच जागी झोपण्याचा मान त्याचा.

तारीख ठरवताना बरीच चर्चा झाली. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, पण वाट निसरडी असते आणि वर धुक्याखेरीज काही दिसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पठारावर सोनकीची पिवळी फुले फुलतात, पण त्या दिवसांत दुपारी विजांचा पाऊस येऊ शकतो, आणि वीज कडाडत असताना लोखंडी शिडीवर माणूस नसावा. नवरात्रात वर जत्रा असते, शिडीला रांग लागते. एप्रिल-मेचे ऊन मुलांना सोसत नाही. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ६ डिसेंबरला आमची तरुण मुले चैत्यभूमीवर स्वयंसेवक म्हणून राबतात, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. म्हणून डिसेंबरचा तिसरा रविवार धरला. जोडून सुट्ट्या आलेला रविवार मुद्दाम टाळला. ताईंनी आपल्या चारही घरी पंधरा दिवस आधी सांगून ठेवले की शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी येणार नाही, सोमवारी दहाला येईन.

पैशाचे म्हणाल तर ऑगस्टपासून डब्यात दरमहा माणशी शंभर रुपये टाकले. मुलांचे निम्मे. एकदम हजार-बाराशे काढायचे म्हटले की घरात भांडण होते, शंभराचे कोणाला ओझे वाटत नाही. जीपचा भाव फोनवरच ठरवला, जाणे, थांबणे आणि येणे धरून. आणि वहीत लिहिले : परतीची वेळ सायंकाळी चार, उशीर झाल्यास साडेपाचपर्यंत थांबणे. मागच्या वर्षीचा तोच जीपवाला यंदाही घेतला.

सराव हवाच. मुलांना खेळून सवय असते, पण दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या भगिनीला किंवा बसच्या स्टेअरिंगवर वर्षे काढलेल्या भावाला एकदम डोंगर दाखवू नये. आम्ही महिनाभर संध्याकाळी इमारतीचे जिने चढलो. पहिल्या आठवड्यात सात मजले एकदा, शेवटच्या आठवड्यात पाच वेळा. शेजारी हसले, मग त्यांच्यातले दोघे सामील झाले. चाळिशी ओलांडलेल्या सर्वांनी रक्तदाब तपासून घेतला. एका काकांचा बराच वाढलेला निघाला, त्यांना डॉक्टरांनी चढू नका म्हणून सांगितले. काका रागावले, पण बारीपर्यंत आले. सामान सांभाळणे, जीपवाल्याला धरून ठेवणे आणि आम्ही साडेचारपर्यंत आलो नाही तर गावातल्या लोकांना सांगणे, हे काम त्यांच्याकडे. मागच्या वर्षी असा खाली थांबलेला माणूस आमच्याकडे नव्हता.

आता पाणी. माणशी अडीच लिटर, मुलांना दीड. एक लिटर म्हणजे एक किलो वजन, म्हणून प्रत्येकाने आपले पाणी आपल्या पाठीवर घ्यायचे, नवऱ्याने बायकोवर किंवा बायकोने मुलावर टाकायचे नाही. सुट्टीच्या दिवशी वाटेत झोपड्यांत लिंबू सरबत मिळते, पण त्याच्या भरवशावर निघू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असे जुलाबात मुलांना देतात ते पाणी. त्याच्या दोन बाटल्या वेगळ्या ठेवल्या. गोळे आलेल्या पोराला मागच्या वर्षी तेच हवे होते.

पाण्याचाच एक भाग बायकांशी निगडित आहे, तो स्पष्टच लिहितो. वाटेत आडोसा मिळणार नाही या भीतीने अनेक भगिनी पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, चक्कर येते आणि त्या म्हणतात, मला चढवत नाही. मागच्या वर्षी ताई खडकावर बसल्या त्याचे खरे कारण हेच होते, पण ते आम्हाला यंदा कळले, आणि तेही घरच्या बायकांकडून. उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या घरी सोय वापरावी, वाटेत बायकांनी दोघी-तिघींनी मिळून थांबावे, बरोबर एक जुनी साडी ठेवावी जी धरली की आडोसा होतो, आणि पुरुषांनी न विचारता पुढे जाऊन उभे राहावे. मुलीला पाळी आली म्हणून तिला घरी ठेवण्याचेही कारण नाही. पिशवीत पॅड आणि वापरलेले परत आणायला एक बंद पिशवी, इतकेच लागते.

खाण्यात भाकरी, कोरडी शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे, काकडी, केळी. एका भावाने सुके बोंबील भाजून आणले होते, ते बारीतच काकांच्या ताब्यात दिले. डोंगरावर बोंबील खाल्ले तर अडीच लिटर पाणी दहा वाजताच संपेल. पायात खाचा असलेल्या तळाचे बूट, महिनाभर वापरलेले. नवे नकोत, चप्पल तर नकोच. दोन टॉर्च, शिट्टी, मलमपट्टी, टोपी आणि प्रत्येकाला एक स्वेटर. वर वारा फार असतो, घामेजलेल्या अंगाला तो बाधतो. अत्तर-सेंट लावू नये, कड्याखाली आरडाओरडा करू नये, धूर करू नये. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मुलांनाही पाठ करून घेतले. मोबाईलला रेंज मात्र सगळीकडे मिळत नाही.

सकाळी सहाला निघालो. यंदा चौदा जण. नियम दोन : सर्वात हळू चालणारा सर्वात पुढे, आणि साडेबाराला जो जिथे असेल तिथून तो परत फिरेल, शिखर दहा पावलांवर असले तरी. दुसऱ्या नियमावर तरुणांनी बराच वाद घातला. पण घड्याळ ताईंच्या हातात दिले होते, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची कोणाची छाती झाली नाही.

गावाबाहेर शेते लागतात, मग ओढा, मग चढण सुरू होते ती शेवटपर्यंत सोडत नाही. पन्नास मिनिटे चालणे, दहा मिनिटे बसणे. उभ्या कातळाच्या ठिकाणी लोखंडी शिड्या आहेत, त्यांना कठडे आहेत. एका वेळी थोडी माणसे, दोन्ही हात मोकळे, मुलाच्या मागे एक मोठा माणूस. खाली बघू नकोस असे मुलांना सांगू नये, ती हमखास बघतात. पुढच्या पायरीकडे बघ, असे सांगावे. दुसरी शिडी संपल्यावर तो मागच्या वर्षीचा खडक आला. ताई तिथे थांबल्या, घड्याळ पाहिले, साडेआठ वाजले होते. दोन घोट पाणी प्यायल्या आणि कोणाकडे न बघता पुढे चालू लागल्या.

शेवटच्या टप्प्याआधी थोडी सपाटी आहे, तिथे विहीर आहे. आम्ही सगळे तिथे बसलो. गावचा एक तरुण पोहऱ्याने पाणी काढून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातावर ओतत होता, कोण कुठला न विचारता. आमच्यातल्या एका आजोबांनी मुलांना तेव्हा एक गोष्ट सांगितली. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह सहलीला निघाले होते, वेरूळची लेणी पाहायची होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर गेले. प्रवासाच्या धुळीने माखलेले हात-तोंड त्यांनी दाराजवळच्या हौदावर धुतले, तर पाणी बाटवले म्हणून जमाव शिवीगाळ करीत धावून आला. शेवटी किल्ला पाहू दिला तो बरोबर हत्यारी शिपाई देऊन, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मुलांनी ऐकले, आणि एका मुलाने विचारले, "मग त्यांनी तहान लागल्यावर काय केले?" याचे उत्तर आजोबांकडे नव्हते. आमच्याकडेही नाही.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही शिखरावर होतो. शेवटचा माणूस अकरा वाजून पाच मिनिटांनी आला.

वर लहानसे देऊळ आणि चहूकडे मोकळे आकाश. दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय, प्रवरेवरचे ते धरण १९२६ साली पूर्ण झाले. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन बेलाग किल्ले एका ओळीत. पलीकडे रतनगड, दूर हरिश्चंद्रगड, दुसऱ्या अंगाला पट्टा आणि औंढा. हा सारा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आणि १८४८ साली ठाण्याला फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातले. मुलांना नकाशा देऊन एकेक डोंगर ओळखायला लावले. आधी नावे माहीत असली तर डोंगर दिसतात, नाहीतर सगळे सारखेच.

देऊळ ज्या कळसूचे, तिची कथा आम्ही मुद्दाम वर येईपर्यंत राखून ठेवली होती. ती दंतकथा आहे, इतिहास नव्हे, आणि आम्ही तिथे नवस बोलायला गेलो नव्हतो. इंग्रजी अमदानीतल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरातही ती नोंदलेली आहे. कळसू ही रानात हिंडण्याची आवड असलेली कोळ्याची मुलगी. पायथ्याच्या इंदोर गावात एका कोळी कुटुंबात ती कामाला राहिली ती एका अटीवर, की मला भांडी घासायला आणि केरकचरा काढायला सांगायचे नाही. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलेच. तिने ते काम केले, आणि नंतर सरळ डोंगर चढून गेली ती मरेपर्यंत खाली आली नाही. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

ताईंनी कथा पूर्ण ऐकली. मग विचारले, "तिचा पगार दिला होता का त्यांनी?" सगळे हसले, पण त्या गंभीरपणे विचारत होत्या. कथेत पगाराचा उल्लेख नाही.

बाराला उतरायला सुरुवात केली. उतरणे सोपे असते हा गैरसमज आहे. दम लागत नाही, पण गुडघे बोलतात आणि सुट्या मुरुमावर पाय सरकतो. पाऊल आडवे टाकावे, घाई करू नये, शिडीवर तोंड शिडीकडे ठेवून उतरावे. दोन मुले आपटली, खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पुड्या आम्ही परत आणल्या, शिवाय वाटेत दुसऱ्यांनी टाकलेल्या एक गोणभर. तीन वाजून चाळीस मिनिटांनी ओढा ओलांडला. काका रस्त्यावर उभे होते, बोंबील संपलेले होते.

रात्री दहाला वस्तीत पोचलो. वहीत खर्च लिहिला, डब्यात दोनशे दहा रुपये उरले. पुढचे नाव रतनगड असे मुलांनी लिहिले आहे, तारीख अजून ठरायची आहे. सोमवारी ताई कामावर दहाला गेल्या. आधीच सांगून ठेवले होते.